लाल मातीतला पावसाळा

तळहाताच्या खळग्यात मावेल एवढाच तो दात. त्याला दात म्हणताना थोडे अडखळायला होते, कारण दिसतो तो अर्धवट उघडलेल्या पंख्यासारखा. जाड, तपकिरी, चकाकणारा, आणि एका टोकापासून फाकत गेलेले चार-पाच बोथट कंगोरे. ज्या माशाचा हा दात, त्याने आयुष्यभर त्यावर शिंपले रगडलेले असतात. माशाचे नाव सेराटोडस. तो कल्ल्यांनी श्वास घेई, तसाच फुप्फुसानेही. डबके आटत चालले, पाणी कोमट आणि गढूळ झाले, की असा मासा तोंड वर काढून हवा घेतो. त्याचे आफ्रिकेतले आजचे भाईबंद तर चिखलात बीळ करतात आणि पुढचा पाऊस येईपर्यंत त्यातच पडून राहतात.

हे दात सापडतात मालेरीला. चंद्रपूरकडून तेलंगणात उतरले की आसिफाबादच्या बाजूला हे छोटे गाव आहे. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन जी प्राणहिता होते, तिच्या खोऱ्यातले. इथले लाल चिखलाचे थर २३ कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत, म्हणजे ट्रायासिक काळातले. पृथ्वीवर डायनासोर नुकतेच अवतरले होते, तो हा काळ.

१८५० च्या दशकात नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी राहत होते. तिथले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. शाळा चालवायची, गोंडांच्या चालीरीती आणि बोली टिपून ठेवायच्या, आणि हे सगळे सांभाळून विदर्भातले दगड आणि जीवाश्म गोळा करायचे, असा त्यांचा दिनक्रम. मालेरीचे दात त्यांच्यामुळे जाणकारांपर्यंत पोहोचले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यातल्या एका जातीला हिस्लॉप यांचे नाव दिले. पुढे चारच वर्षांनी, सप्टेंबर १८६३ मध्ये, टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परत येताना पावसाने फुगलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाले. ज्या लाल थरांनी त्यांचे नाव शास्त्रात राहिले, ते थरही पावसानेच रचलेले होते. डायनासोर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अजस्र देह आणि सुळे येतात. मला मात्र त्यांच्या युगाची पहाट ही आधी पावसाची आणि अवर्षणाची गोष्ट वाटते. हा पाऊस समजला नाही, तर हे प्राणी तगले कसे आणि पसरले कसे, याचा उलगडा होत नाही.

मालेरीच्या थरांतून दातांबरोबर जबड्यांचे विचित्र तुकडेही निघत होते. वरच्या जबड्यात दातांच्या रांगाच रांगा, मधोमध एक लांब खाच, आणि त्या खाचेत खालचा जबडा अडकित्त्याच्या पात्यासारखा बसणारा. तोंडाच्या टोकाला पोपटासारखी वाकडी चोच. अंग डुकरासारखे गोल, लांबी जेमतेम दीड मीटर. हा वनस्पती खाणारा सरपटणारा प्राणी म्हणजे हायपरोडापेडॉन. हे नाव थॉमस हक्स्ले यांनी १८५९ मध्ये दिले होते, पण ते स्कॉटलंडमध्ये एल्गिन गावाजवळ सापडलेल्या प्राण्याला. मालेरीचे तुकडे पाहिल्यावर हक्स्ले यांच्या लक्षात आले की हा त्याचाच सख्खा भाऊ आहे. रिचर्ड लिडेकर यांनी १८८१ मध्ये भारतीय जातीला हक्स्ले यांचेच नाव दिले. नंतर हाच प्राणी ब्राझीलमध्ये सापडला, अर्जेंटिनात सापडला, टांझानियातही सापडला.

आखूड पायांचा, जमिनीवर चरणारा प्राणी स्कॉटलंड ते विदर्भाची वेस एवढा पसरला कसा? त्याला समुद्र ओलांडावाच लागला नाही, हे आपल्याला आज माहीत आहे. त्या काळी पृथ्वीवरची जवळजवळ सारी जमीन एकमेकींना चिकटून एकच खंड झालेला होता, पॅन्जिया. उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे पसरलेला, पूर्वेच्या बाजूने एक मोठे आखात आत घुसलेले, आणि त्या आखातात टेथिस नावाचा उबदार समुद्र. भारत तेव्हा आजच्यापेक्षा बराच दक्षिणेला होता. आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या कुशीत तो शिरलेला होता. पॅन्जियाच्या या दक्षिणेकडच्या भागाला जगभर गोंडवन म्हणतात. प्राणहितेच्या दोन्ही काठांवर आजही नांदणाऱ्या गोंडांच्या नावावरून आलेला हा शब्द अंटार्क्टिकावर काम करणारा भूवैज्ञानिकही रोज उच्चारतो, याचा मला फार आनंद वाटतो.

आता एवढ्या मोठ्या एकसंध जमिनीवर हवामान कसे असेल? याचे उत्तर मराठी माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. वैशाखात जमीन तापते, तापलेली हवा वर चढते, आणि ती पोकळी भरायला समुद्रावरून दमट वारे धावत येतात. आपला मोसमी पाऊस तो हाच. पॅन्जियाला दोन्ही गोलार्धांत अफाट जमीन होती. उत्तरेत उन्हाळा आला की तिकडची जमीन तापे आणि वारे विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे धावत. सहा महिन्यांनी दक्षिणेत उन्हाळा आला की तेच वारे उलट फिरत. टेथिसच्या काठच्या प्रदेशात मुसळधार पाऊस पडे आणि खंडाच्या पोटात, समुद्रापासून हजारो किलोमीटर आत, वाळवंट. ध्रुवांवर बर्फाच्या टोप्या नव्हत्या. हवेत कार्बन डायऑक्साइड आजच्या कितीतरी पट होता. पृथ्वी तेव्हा थोडी वेगाने फिरत असल्यामुळे दिवसही आजच्याहून सुमारे तासाभराने लहान होता. शास्त्रज्ञ या पावसाला महामोसमी म्हणतात.

हा विचार सर्वांत आधी नीट मांडणाऱ्यांत पामेला रॉबिन्सन यांचे नाव घ्यावे लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या या जीवाश्मतज्ज्ञांना प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५० च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बोलावले. आकडेमोडीच्या संस्थेत हाडांचे काय काम, असे कुणालाही वाटेल. महालनोबिसांना तसे वाटले नाही. रॉबिन्सन यांनी तिथे तरुणांची एक फळी उभी केली आणि ती फळी प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात उतरली. मालेरीत सापडलेल्या एका प्राण्याच्या शास्त्रीय नावात चक्क ‘स्टॅटिस्टिके’ हा शब्द आहे, तो या संस्थेच्या ऋणातून. ज्या बाईंनी गोदावरीच्या खोऱ्यात काम केले, त्यांनीच १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅन्जियावर मोसमी वारे वाहत असले पाहिजेत असे लिहिले. हा योगायोग आहे असे मी मानत नाही.

पुरावा तिथल्या मातीतच होता. चिखलाचा लाल रंग म्हणजे त्यातल्या लोखंडाला चढलेला गंज. बारा महिने पाणथळ राहणाऱ्या जमिनीत लोखंड असे गंजत नाही, ती माती करडी-काळपट राहते. पाण्याची पातळी दरवर्षी खाली गेली आणि भेगांतून हवा आत शिरली, तरच माती अशी लाल होते. आणि त्या लाल मातीत जागोजाग चुन्याचे खडे. आपल्याकडे कोरडवाहू शेतकऱ्याला चुनखडीची जमीन वेगळी दाखवावी लागत नाही. पावसाळ्यात पाण्यात विरघळलेला चुना उन्हाळ्यात पाणी उडून गेले की मागे राहतो आणि वर्षानुवर्षे साठून त्याचे गोटे होतात. मालेरीच्या मातीत हे दोन्ही आहे, पाणीही आणि तहानही. त्यातच फुप्फुसवाल्या माशाचे दात.

या सगळ्याच्या आधी काय झाले होते, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, ट्रायासिकच्या उंबरठ्यावर, सायबेरियात जमीन फाटून लाव्हाचे लोट आले. त्यांनी वाटेतले कोळशाचे आणि क्षारांचे थर जाळले, आणि हवेत कार्बन डायऑक्साइडचा महापूर आला. समुद्र तापला, आंबट झाला, त्यातला प्राणवायू घटला. समुद्रातल्या दहांपैकी आठ-नऊ जाती संपल्या. पृथ्वीच्या ज्ञात इतिहासातला हा सर्वांत मोठा संहार. त्यानंतर काही काळ विषुववृत्ताजवळ समुद्राचा पृष्ठभाग ४० अंश सेल्सियसच्या आसपास होता, असे जीवाश्मांतल्या ऑक्सिजनच्या मोजणीतून दिसते. अशा पाण्यात बहुतेक मासे जगत नाहीत.

चंद्रपूर-बल्लारपूरच्या खाणींतून जो दगडी कोळसा निघतो, तो या संहाराच्या आधीचा आहे. ग्लोसोप्टेरिस नावाच्या झाडांच्या दलदली गाडल्या जाऊन तो झाला. संहारानंतर ती झाडे गेली आणि पुढची सुमारे एक कोटी वर्षे जगात कुठेच कोळसा तयार झाला नाही. जगात कुठेच! कोळसा व्हायला दाट, ओले रान लागते, आणि तसे रानच उरले नव्हते. माणसांना उष्णतेची लाट आठ दिवसांत नकोशी होते, तिथे एक कोटी वर्षे हा शब्द नुसता लिहिताना हात थांबतो.

मोकळ्या झालेल्या जमिनीवर लिस्ट्रोसॉरस नावाचा डुकराएवढा, दोन सुळ्यांचा, गवसेल ते पाला-मुळे खाणारा प्राणी मोकाट पसरला. दक्षिण आफ्रिकेत तो आहे, आपल्या राणीगंजच्या पंचेत थरांत आहे, आणि १९६९ मध्ये एडविन कोलबर्ट यांच्या चमूला तो थेट अंटार्क्टिकावर सापडला. खंड सरकतात हे ज्यांना अजून पटत नव्हते, त्यांच्यापुढे हा एक मोठा पुरावा येऊन पडला. लिस्ट्रोसॉरस आपल्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या शाखेतला. संहारानंतर जमिनीचे राज्य याच शाखेकडे जाईल असे वाटावे, अशी परिस्थिती होती. तसे झाले नाही. राज्य सरपटणाऱ्यांकडे गेले.

ते का गेले, याचे एक उत्तर पामेला रॉबिन्सन यांनी १९७१ मध्ये सुचवले आणि ते मला अजूनही विलक्षण वाटते. घरातल्या भिंतीवरची पाल पाहा. तिची विष्ठा काळपट असते आणि तिच्या टोकाला एक पांढरा ठिपका असतो. कबुतराने खिडकीवर घाण केली की त्यातही पांढरा भाग असतो. तो पांढरा भाग म्हणजे त्यांची लघवी. शरीरातला नत्रयुक्त कचरा हे प्राणी युरिक आम्लाच्या रूपात, जवळजवळ कोरडाच बाहेर टाकतात. आपण तोच कचरा युरियाच्या रूपात टाकतो, आणि युरिया धुऊन काढायला भरपूर पाणी खर्ची पडते. वर्षातले सात-आठ महिने पाण्याची वानवा असलेल्या जगात पाणी वाचवणाऱ्या शाखेचे पारडे जड होणारच, असे रॉबिन्सन यांचे म्हणणे होते. एकट्या या कारणाने सगळे उलगडत नाही. पण उत्तर शोधायला त्या सुळ्या-नखांकडे गेल्या नाहीत, पाण्याकडे गेल्या, आणि तिथेच त्यांची दृष्टी दिसते.

या कोरड्या जगात एकदा खरोखरच पाऊस आला. २३ कोटी ४० लाख ते २३ कोटी २० लाख वर्षांच्या दरम्यान. इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या लाल थरांच्या मधोमध एक करडा पट्टा आहे. नद्यांनी आणलेल्या वाळूचा तो पट्टा वाळवंटी लालीत पाचर मारल्यासारखा दिसतो. मायकेल सिम्स आणि ॲलस्टेअर रफेल या दोन तरुण भूवैज्ञानिकांनी १९८९ मध्ये लिहिले की हा पट्टा स्थानिक नाही. याच सुमारास इतर देशांतही नद्या फुगल्या आहेत, समुद्रातले प्राणी बदलले आहेत, तेव्हा हा साऱ्या जगाचा पावसाळा होता. बरीच वर्षे फारसे कुणी ते मनावर घेतले नाही. नंतर इटलीतल्या डोलोमाइट पर्वतांत, चीनमध्ये आणि इतरत्र पुरावे निघत गेले. आज या काळाला कार्नियन पर्जन्यकाल म्हणतात.

या पावसाचे मूळही आगीतच होते. आज कॅनडाच्या आणि अलास्काच्या पश्चिम किनाऱ्याला चिकटलेला रँगेलिया नावाचा भूभाग तेव्हा समुद्रात लाव्हा ओकत होता. कार्बन डायऑक्साइड वाढला, हवा तापली, समुद्राची वाफ जास्त होऊ लागली आणि आधीच जोरकस असलेला मोसमी पाऊस आणखी बळावला. सलग वीस लाख वर्षे धो-धो पाऊस, असे मात्र समजू नये. ओल्या काळाच्या तीन-चार लाटा आल्या, मध्ये उघडीप होती.

डोलोमाइटमध्ये या काळातला राळेचा खजिना आहे. सूचिपर्णी झाडांच्या खोडांतून पाझरलेले, काही मिलिमीटरचे, अश्रूसारखे थेंब गोठून अंबर झाले आहेत. त्यातले सुमारे ७०,००० थेंब सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून तपासले गेले, आणि २०१२ मध्ये निकाल जाहीर झाला. तीन जीव सापडले. झाडांवरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळीवर्गीय किडी दोन, आणि एका माशीचे अर्धवट अंग. आज कोळी म्हणून शेतकरी ज्या किडीला वैतागतो, तिच्या वर्गातल्या या दोघी, पण फुले निघण्याच्या कितीतरी आधीच्या. सत्तर हजार थेंबांत तीन. ते शोधणाऱ्यांच्या चिकाटीपुढे मान लवते.

याच पर्वतांत पाऊलखुणाही आहेत, आणि त्या फार बोलक्या आहेत. पर्जन्यकालाच्या आधीच्या थरांवर मगरींच्या शाखेतल्या प्राण्यांची पावले. नंतरच्या थरांवर तीन बोटांची डायनासोरांची पावले एकदम वाढतात. ओली राने पसरली, जुने चरणारे प्राणी मागे पडले, आणि एका किरकोळ घराण्याला वाव मिळाला.

किरकोळ हा शब्द मी जाणून वापरतो. अर्जेंटिनातल्या इस्चिग्वालास्तो या उजाड दरीत सर्वांत जुन्या डायनासोरांची उत्तम हाडे सापडली. तिथल्या ज्वालामुखी राखेचे वय २३ कोटी १० लाख वर्षांच्या जरा मागे जाते. तिथला पहिला मोठा शिकारी डायनासोर १९५९ मध्ये व्हिक्टोरिनो हेर्रेरा या शेळ्या राखणाऱ्याला दिसला, म्हणून त्याचे नाव हेर्रेरासॉरस. पण त्या दरीत सापडलेल्या एकूण हाडांत डायनासोरांचा वाटा साधारण दशांशच. बाकी हायपरोडापेडॉन, सस्तनांच्या शाखेतले सायनोडाँट आणि मगरींच्या शाखेतले भक्कम शिकारी. डायनासोरांची खूण होती त्यांच्या खुब्यात. मांडीचे हाड जिथे बसते, त्या खोबणीला आरपार भोक असते आणि पाय देहाच्या थेट खाली खांबासारखे येतात. पालीचे पाय बाजूला फाकतात, तसे त्यांचे फाकत नसत. त्यामुळे चाल हलकी आणि लांब पल्ल्याची. पाण्याच्या शोधात मैलोगणती जायचे असेल, तर असे पाय उपयोगी पडतात.

मालेरीतही तसेच. तिथल्या डायनासोराचे नाव अलवाकेरिया, आणि त्याचे मोजकेच अवशेष मिळाले आहेत. त्यांपैकी मांडीचे आणि घोट्याचे हाड डायनासोराचे मानले जाते, बाकी तुकडे कुणाचे, यावर वाद आहे. प्राणी कुत्र्याहून मोठा नसावा. त्याच नदीत मात्र पॅरासुकस हिस्लोपी होता. हिस्लॉप यांचे नाव धारण करणारा, लांब निमुळत्या तोंडाचा, दिसायला हुबेहूब सुसर. जवळ जाऊन पाहिले तरच फरक कळतो. सुसरीच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाला असतात, याच्या डोळ्यांपाशी, एका उंचवट्यावर. मालेरीत या प्राण्याचे दोन जवळजवळ पूर्ण सांगाडे शेजारी शेजारी सापडले. शंकर चॅटर्जी यांनी ते साफ केले तेव्हा दोघांच्याही पोटाच्या जागी आणखी हाडे होती. लांब मानेच्या, सरड्यासारख्या एका लहान प्राण्याची. शास्त्राला तो प्राणी तोवर ठाऊकच नव्हता. त्याचे नाव ठेवले मालेरीसॉरस रॉबिन्सनी, पामेला रॉबिन्सन यांच्यावरून. शेवटच्या जेवणामुळे एक अख्खी जात आपल्याला कळली.

त्या नदीच्या काठावर उभे राहिलो असतो तर काय दिसले असते? गवत नाही. एकही फूल नाही, म्हणून फुलपाखरू किंवा मधमाशी नाही. पक्षी नाहीत. झाडे सूचिपर्णी, सायकससारखी, गिंकोच्या जातीची, आणि खाली नेच्यांचे दाट आच्छादन. दक्षिणेकडच्या खंडांत सर्वत्र डायक्रॉइडियम हे द्विभाजित पानांचे झुडूप. पाण्यात शिंपले, सेराटोडस आणि चपट्या डोक्याचे अवाढव्य उभयचर. याच ट्रायासिकमध्ये पहिली कासवे आली, पहिले उडणारे सरपटणारे आले, आजच्या प्रवाळांचे पूर्वज समुद्रात वाढू लागले, आणि अखेरीस उंदराएवढे पहिले सस्तन रात्री हिंडू लागले. आपल्या ओळखीचे कितीतरी या काळात मुळे धरते.

डायनासोर जन्मले, तरी ते सगळीकडे गेले नाहीत. २०२२ मध्ये झिंबाब्वेतून एंबिरेसॉरस हा सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीचा, लांब मानेच्या डायनासोरांचा मूळपुरुष म्हणावा असा प्राणी जाहीर झाला. त्याच्याबरोबर तिथे पुन्हा हायपरोडापेडॉन. अर्जेंटिना, ब्राझील, झिंबाब्वे आणि आपले मालेरी ही स्थळे पॅन्जियाच्या नकाशावर ठेवली, की दक्षिणेतल्या एका दमट पट्ट्यात ओळीने येतात. उत्तरेला होते वाळवंट. कुंपण नसूनही वनस्पती खाणाऱ्या डायनासोरांना ते ओलांडता येत नव्हते.

विषुववृत्तावर तर आणखी कठीण. तेव्हा विषुववृत्ताजवळ असलेल्या न्यू मेक्सिकोतल्या घोस्ट रँचच्या थरांत कोळशाचे कण, म्हणजे वणव्यांच्या खुणा, वारंवार येतात. पाऊस आणि अवर्षण यांचा असा झोका की रान उगवायचे, वाळायचे, पेटायचे. तिथे लहान मांसाहारी डायनासोर होते, पण मोठे वनस्पती खाणारे जवळजवळ तीन कोटी वर्षे तिकडे फिरकलेच नाहीत. ज्याला दिवसाला भाराभर पाला लागतो, तो अशा बेभरवशाच्या रानात राहणार कसा? लांब मानेवाले ग्रीनलंडपर्यंत पोहोचले ते सुमारे २१ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी. त्याच सुमारास हवेतला कार्बन डायऑक्साइड निम्म्यावर आला होता. म्हणजे वाळवंट थोडे निवळले आणि वाट मोकळी झाली. पायांखालची जमीन आधीपासून जोडलेलीच होती, अडवून धरले होते ते हवामानाने.

२० कोटी १५ लाख वर्षांपूर्वी पॅन्जिया मधोमध फाटू लागला. जिथे पुढे अटलांटिक होणार होता, तिथून लाव्हा वर आला आणि मोरोक्को, ब्राझील, उत्तर अमेरिकेचा पूर्व किनारा असे अफाट क्षेत्र त्याने व्यापले. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी हडसन नदीकाठचे पॅलिसेड्सचे उभे, खांबाखांबांचे कडे पाहिले असतील. सह्याद्रीची आठवण करून देणारे ते दगड याच आगीचे. आपला सह्याद्री मात्र त्या मानाने तरुण. तो या युगाच्या दुसऱ्या टोकाला, ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास, लाव्हातून घडला.

या उद्रेकांनी काही लाख वर्षे हवा कधी तापवली, कधी गंधकाच्या धुक्याने सूर्य झाकून गारठवली. मगरींच्या शाखेतले बहुतेक मोठे प्राणी संपले. डायनासोर उरले. का उरले, याचा एक धागा चीनच्या जुंगार खोऱ्यात सापडतो. तेव्हा ते खोरे उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे होते. तिथल्या तळ्यांच्या बारीक गाळात मधेच खडे सापडतात. काठचे पाणी गोठायचे, बर्फात अडकलेले खडे तळ्याच्या मध्यापर्यंत तरंगत जायचे आणि बर्फ वितळला की तळाशी पडायचे. आणि त्याच काठांवर डायनासोरांची पावले आहेत. म्हणजे कडाक्याचा हिवाळा त्यांच्या अंगवळणी पडलेला होता, बहुधा अंगावरच्या साध्या, केसांसारख्या पिसांमुळे. २०२२ मध्ये मांडलेला हा विचार मला पटतो, कारण तो ताकदीपेक्षा सवयीवर भर देतो.

मालेरीवरून वरच्या, म्हणजे नंतरच्या थरांकडे चढत गेले की हा बदल विदर्भाच्या वेशीवरच पाहायला मिळतो. हायपरोडापेडॉन दिसेनासा होतो. धर्मारमच्या थरांत लांब मानेवाले येतात, त्यातल्या एकाला लॅम्पलूसॉरा हे नाव पामेला लॅम्पलू रॉबिन्सन यांच्यावरूनच मिळाले. आणि मग प्राणहितेकाठच्या कोटा गावाच्या नावाचे थर. गडचिरोलीतल्या सिरोंचाजवळची वडधमची जीवाश्मे याच परिसरातली. कोटा थरांतून १९६० च्या सुमारास भारतीय सांख्यिकी संस्थेच्या मंडळींना एक असा डायनासोर सापडला की ज्याचे मांडीचे हाडच सव्वा मीटरहून लांब. बंगालीत मोठा पाय म्हणजे ‘बडो पा’, त्यावरून बारापासॉरस. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षातले हे उत्खनन, म्हणून पूर्ण नाव बारापासॉरस टागोरी. अनेक प्राण्यांची हाडे जुळवून उभा केलेला त्याचा सांगाडा कोलकात्याच्या संस्थेत आहे. अलवाकेरियाच्या मूठभर हाडांपासून इथवर यायला जेमतेम चार-पाच कोटी वर्षे लागली.

तो पंख्यासारखा दात मात्र नंतरही भेटला. १८७० मध्ये सिडनीच्या संग्रहालयाचे जेरार्ड क्रेफ्ट यांच्याकडे क्वीन्सलंडच्या बर्नेट नदीतला एक मोठा, जाड खवल्यांचा मासा आला. वसाहतीतले लोक तो आधीपासून पकडून खात होते. क्रेफ्ट यांनी त्याचे तोंड उघडले आणि आत चार दात पाहिले, कंगोरेदार, फाकत गेलेले. ज्या माशाला जग केवळ दगडातून ओळखत होते, त्याच सेराटोडसचे नाव त्यांनी या जिवंत माशाला दिले. आज त्याचे नाव थोडे बदलून निओसेराटोडस झाले आहे. पावसाने दगा दिला आणि बर्नेटचे डोह कोमट झाले, की तो अजून तोंड वर काढतो आणि हवा घेऊन पुन्हा खाली जातो.